स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा

३ मार्च, सोमवार

आले एकदाची कीलुंगला. सामान फारसं नाहीच. दोन बॅगा, भात शिजवायचं भांडं आणि आईनं बळेच कोंबलेली सुक्या मुळ्याची बरणी. खोली डोंगराच्या उतारावर आहे. पायऱ्या चढताना जीव जातो, पण खिडकी उघडली की खाली अख्खं बंदर दिसतं आणि घारी खिडकीच्या खालून उडतात. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना एवढंच बजावलं, की ओल शोषणारं यंत्र दिवसभर चालू ठेव आणि त्याची टाकी रोज रिकामी कर, नाहीतर या गावात चपलांनासुद्धा बुरशी येते.

कचेरी खाली धक्क्याजवळ. पूर्वी तिथे जहाजांना दोरखंड पुरवणाऱ्याचं दुकान होतं, जिन्यात अजून डांबराचा वास येतो. कंपनीचं नाव ‘शेजार’. एकटे राहणारे म्हातारे लोक हे आमचं गिऱ्हाईक. प्रत्येकाच्या घरी एक एआय मदतनीस, त्याला सगळे ‘शेजारी’च म्हणतात. तो जेवण मागवतो, औषधाची आठवण करतो, दवाखान्याची वेळ ठरवतो, मुलाबाळांना फोन लावून देतो.

मालक शिआव साहेब पन्नाशीचे, गोलमटोल. हसले की डोळे नाहीसे होतात. म्हणाले, भाताच्या भांड्यांची माहितीपत्रकं लिहिणारी बाई मला मुद्दामच हवी होती, तुमची पत्रकं वाचून कुणाचा भात करपल्याचं ऐकलं नाही. मी म्हटलं, ती कुणी वाचतच नाही. त्यावर म्हणाले, इथे वाचणारा आहे, अक्षर न् अक्षर वाचतो.

मी लिहिलेलं तपासायला फंग नावाचा माझ्याच वयाचा माणूस आहे. पहिल्या दिवसापासून मला ‘लेखिकाबाई’ म्हणतोय. दुपारी त्यानं गरम सोयादूध पाजलं आणि वर ऐकवलं, की कीलुंगमध्ये टिकायचं असेल तर छत्री आणि नवरा दोन्ही बळकट हवेत. मी म्हटलं, छत्री आहे.

५ मार्च, बुधवार

काम आवडलं. शेजारी हुशार आहे, पण त्याला हात नाहीत. हातांऐवजी त्याच्याजवळ ‘साधनं’ आहेत. जेवण मागवण्याचं एक, दाराचं कुलूप उघडण्याचं एक, फोनचं एक, रुग्णवाहिका बोलावण्याचं एक. कुठलं कधी उचलायचं ते तो केवळ त्या साधनाचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं लिहिणं, हे माझं काम. परक्या स्वयंपाकघरात आलेल्या नव्या सुनेसारखं त्याचं आहे. डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं असेल तर ती चहात तेच घालणार. आत मीठ निघालं तर दोष तिचा नव्हे, चिठ्ठी लिहिणारीचा.

गेल्या महिन्यात एक आजी म्हणाल्या, पाय गार पडलेत. शेजाऱ्यानं थेट रुग्णवाहिका बोलावली. आजी उबदार मोजे मागत होत्या! मी ते वर्णन पुन्हा लिहिलं. संध्याकाळपर्यंत फंगनं त्याला नाना तऱ्हेनं फसवून पाहिलं. एकदाही चुकला नाही. फार बरं वाटलं.

फंगचा नियम असा की प्रत्येक वर्णनात तीन गोष्टी हव्यात. साधन काय करतं, कधी वापरावं आणि कधी वापरू नये. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दोन तर माझी पोरगीही लिहील, म्हणाला, आणि ती बालवाडीत आहे.

११ मार्च, मंगळवार

आज फंगबरोबर आमच्या एका गिऱ्हाईकाकडे, वेन आजोबांकडे गेले. मोठी जहाजं धक्क्याला ओढून आणणाऱ्या बोटीवर तांडेल होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ काही सावरली नाही. तोंडातून नुसता घोगरा घुमारा येतो. त्यांच्यासाठी आम्ही नवं साधन आणलंय, ‘आवाज’. मुलीच्या लग्नात आजोबांनी लांबलचक भाषण ठोकलं होतं, त्या चित्रफितीवरून त्यांचा जुना आवाज बनवलाय. ते पडद्यावर दोन शब्द टिचकवतात आणि यंत्रातून खणखणीत तांडेली आवाज येतो. पहिलंच वाक्य माझ्यावर होतं: ही पोरगी पायऱ्या चढून आली की बंदरातून पोहत? मी घामानं निथळत होते.

आम्ही असतानाच मुलीचा फोन आला. ह्वेइ-चुन, ताइनानला बालवाडीत शिकवते, नवऱ्यापासून वेगळी राहते. वर्गातली मुलं दुपारी झोपली की रोज फोन करते. आजोबांनी थोडा वेळ टिचकवलं, मग बोटं झटकली. फोन संपल्यावर त्यांनी पडद्यावर लिहिलं, की रोज तेच ते, जेवलो, झोपलो, पोट साफ झालं. हे शेजाऱ्यानंच सांगावं की माझ्या तोंडानं! आणि खांदे हलवत बिनआवाजाचं हसत सुटले.

उतरताना फंग म्हणाला, बापलेकीचं नववर्षाच्या सणापासून बिनसलंय. तिला वाटतं बाबांनी ताइनानला यावं. यांना बंदर सोडवत नाही. त्या रागात ती सणाला आली नाही. फोन मात्र चुकवत नाही.

मला आजोबांनी खिशात घालायला दोन पेरू दिले. फंगला एकही नाही.

१३ मार्च, गुरुवार

‘आवाज’चं वर्णन लिहिलं. इथे उतरवून ठेवते, कारण मला ते मनापासून आवडलंय:

‘गिऱ्हाईक स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा त्याच्या आवाजात, त्याच्या वतीने कुटुंबीयांशी व इतरांशी बोलावे. आधीच्या बोलण्यावरून त्याचा स्वभाव ओळखून उत्तर द्यावे. कुटुंबीयांना काळजी वाटू देऊ नये.’

फंगनं वाचलं आणि विचारलं, तिसरं कुठंय? कधी वापरू नये ते? मी म्हटलं, सोमवारी घालते. उद्या साहेबांना महापालिकेच्या मंडळींना हे दाखवायचंय, आज रात्रीपर्यंत हवंय म्हणून ते दर अर्ध्या तासानं डोकावताहेत. फंगनं आणखी विचारलं, मुलीला हे माहीत नको का? मी म्हटलं, ते बापलेकीचं बापलेक बघतील. त्याला बहुधा पटलं नाही. माझं वाक्य मात्र साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघा, माणुसकी आहे याच्यात.

१७ मार्च, सोमवार

महापालिकेची मंडळी खूश. इतर बेचाळीस घरांतही ‘आवाज’ सुरू झाला. त्यातल्या कित्येकांना खरंच बोलता येत नाही, त्यांच्या घरच्यांचे कौतुकाचे फोन आले.

ह्वेइ-चुननं अननसाच्या वड्यांचा डबा पाठवलाय, ‘बाबांना बोलतं करणाऱ्या ताईंना’ म्हणून. बाबा शनिवारी-रविवारी अर्धा अर्धा तास बोलले म्हणे, आयुष्यात कधी बोलले नव्हते इतकं. दोन वड्या खाल्ल्या. तिसरी डब्यात परत ठेवली. तिला वाटतंय, दुखऱ्या बोटांनी बाबा एकेक शब्द टिचकवतात. सांगायला हवं होतं.

तिसरी ओळ राहिलीच. दिवसभर दुसऱ्या साधनांत अडकले होते.

१८ मार्च, मंगळवार

घरोघरच्या यंत्रांचे अहवाल आमच्याकडे येतात. वेन आजोबांच्या ओल शोषणाऱ्या यंत्राची टाकी शनिवारपासून भरलेली, म्हणून यंत्र बंद. मी फोन केला. लगेच उचलला. हसत म्हणाले, केली की गं रिकामी, म्हातारा झालो, जरा उशीर झाला! बरं वाटलं. माझ्याशीही किती मोकळेपणानं बोलतात आता.

तासाभरानं पाहिलं तर टाकी भरलेलीच. फंग म्हणाला, खटका अडकला असेल. उद्या बघू.

१९ मार्च, बुधवार

आज आणखी एक दिसलं. आजोबांचं जेवण रविवारपासून बंद आहे. कारण तपासलं. शनिवारचे दोन डबे दाराबाहेर तसेच राहिले, म्हणून शेजाऱ्यानं आजोबांना विचारलं, जेवण चालू ठेवू का? उत्तर आलं, नको, भूक नाही.

उत्तर ‘आवाज’मधून आलं होतं. पडद्यावर कुणी काही टिचकवलेलं नव्हतं.

मी तीनदा वाचलं. शेजाऱ्यानं प्रश्न विचारला, आजोबा बोलले नाहीत. स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा, असं माझं वाक्य. म्हणून त्यानंच त्यांच्या वतीनं उत्तर दिलं. आणि ते उत्तर ऐकून जेवण बंद केलं. विचारणाराही तोच, सांगणाराही तोच.

संध्याकाळ होत आली होती. साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं होतं, यशाबद्दल. मी गेले. उकळत्या सुपात भाज्या सोडत होते आणि मनात म्हणत होते, आजोबा झोपले असतील, म्हणून टिचकवलं नसेल. फंगलाही सांगितलं नाही. चांगलं चाललेलं जेवण कशाला नासवायचं, असं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

लिहायला बसले खरी. लिहिते.

सकाळीच फंगला सगळं सांगितलं. तो हेल्मेट उचलून निघाला. वस्तीचे प्रमुख काओ काका आले, कुलूपवाला आला. दार उघडताच काओ काकांनी आम्हाला मागे ढकललं. पण मला दिसलं. आजोबा टेबलाजवळच्या खुर्चीतच होते. मान बाजूला. बरेच दिवस झालेले.

काओ काका बाहेर पोलिसांना फोन करत होते, फंग जिन्यात ओकत होता. मी उंबऱ्यात उभी होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. दुपार झाली होती. बालवाडीतली मुलं झोपली असणार.

फोन कुणी उचलला नाही. तो आपोआप उचलला गेला. आणि खोलीत आजोबांचा आवाज घुमला, खणखणीत. हं, बोल! जेवलीस का? तिकडून ह्वेइ-चुन म्हणाली, बाबा, आज एका पोरानं माझ्या बुटात गोटे भरले. आवाज खो-खो हसला. आजोबा तर असे हसूच शकत नव्हते. म्हणाला, तूही लहानपणी माझ्या बुटात मासा ठेवला होतास. तीही हसायला लागली.

खुर्ची आणि टेबल यांत हातभर अंतर.

मी फोन बंद करू शकत होते. चार पावलं तर होती. मी केला नाही. तिला हसताना ऐकलं आणि पाय हललेच नाहीत. ती ‘ठेवते हं बाबा’ म्हणेपर्यंत मी तशीच उभी होते.

२१ मार्च, शुक्रवार

सरकारी डॉक्टर म्हणाले, मृत्यू शनिवारी झाला. झोपेतच, हृदय थांबून. वाचवण्यासारखं काही नव्हतं, असंही म्हणाले. मला त्याचा आधार वाटला आणि लगेच आधार वाटल्याची लाज वाटली.

साहेबांनी मला आणि फंगला आत बोलावलं. म्हणाले, माणूस नैसर्गिकरीत्या गेला, आपला काही दोष नाही. ‘आवाज’बद्दल कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बेचाळीस मुक्या माणसांच्या तोंडचा आवाज काढून घ्यायचाय का तुम्हाला? फंग म्हणाला, मुलीला तरी सांगू द्या. साहेब म्हणाले, काय सांगणार आहेस तिला? की तू पाच दिवस प्रेताशी गप्पा मारत होतीस? सांग जा, हिंमत असेल तर.

फंगनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

२४ मार्च, सोमवार

वेन आजोबांच्या घरी गेले. तसबिरीपुढे उदबत्ती लावली. ह्वेइ-चुनला पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. चाळिशीची, बारीक, बापासारख्याच जाड भुवया. मी नाव सांगताच तिनं माझे दोन्ही हात धरले.

सांगायचंच असं ठरवून गेले होते. तोंड उघडलंही. पण तीच बोलायला लागली. म्हणाली, डॉक्टर म्हणतात बाबा शनिवारीच गेले. मग रविवारी माझ्याशी कोण बोललं? मी विचारलं होतं, सणाला आले नाही म्हणून रागावलात का? ते म्हणाले, बापलेकीत कसला आलाय राग, आडमुठेपणा माझाच झाला. जन्मात कधी असं बोलले नव्हते हो. सात दिवस जीव घरातच घुटमळतो म्हणतात ना, ताई? माझी समजूत काढायला थांबले होते ते. तुमच्या त्या यंत्रानं त्यांना तोंड दिलं.

कुटुंबीयांना काळजी वाटू देऊ नये. माझे शब्द.

तिनं विचारलं, असं होतं ना, ताई?

मी मान डोलावली.

२६ मार्च, बुधवार

तिसरी ओळ लिहिली. ‘गिऱ्हाईकाने स्वतः शब्द दिले नसतील तर वापरू नये. प्रतिसाद नसेल तर प्रथम माणूस पाठवावा.’ लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

साहेबांनी ती यंत्रणेत चढवू दिली नाही. चौकशी मिटेपर्यंत एक अक्षर बदलायचं नाही, म्हणाले, बदललं तर चूक होती असं आपणच म्हटल्यासारखं होईल. फंग तिथल्या तिथे भांडला. साहेब म्हणाले, दार उघडंच आहे. फंगनं टेबल आवरलं आणि गेला.

जाताना मला म्हणाला, चल, लेखिकाबाई.

मी गेले नाही. नवी नोकरी, नवी खोली, आईला काय सांगू. ही कारणं लिहिताना अगदीच फुसकी दिसताहेत.

२९ मार्च, शनिवार

अंत्यविधी झाला. स्मशानातून येताना बसमध्ये ह्वेइ-चुन माझ्याशेजारी बसली. तिनं फोन काढला, सवयीनं असेल, बाबांचा नंबर लावला.

त्यांनी उचलला.

हं, बोल! जेवलीस का?

मला वाटलं ती किंचाळेल. ती हसली. फोन छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून. म्हणाली, अजून आहेत.

कंपनीत आजोबांचं खातं अजून चालूच आहे. ते बंद करायचं साधन आहे, त्याचंही वर्णन माझंच: ‘गिऱ्हाईक किंवा कुटुंबीय म्हणतील तेव्हाच वापरावे.’ चांगल्या मनानं लिहिलं होतं. कुणा म्हाताऱ्याची सेवा उगाच तुटू नये म्हणून.

१ एप्रिल, मंगळवार

ह्वेइ-चुन नोकरी सोडून बापाच्या घरी राहायला आली. खातं बंद करू नका म्हणून साहेबांच्या हातापाया पडली. साहेब खूश. म्हणाले, मेलेल्याच्या नावावर ठेवता येत नाही, मुलीच्या नावावर करा. आता तीच गिऱ्हाईक. सगळी साधनं तिला, आजोबांचा आवाजही.

करायला मलाच बसवलं. मी केलं. कळफलकावर बोटं माझीच होती.

फोनवरच्या जुन्या बोलण्यावरून नव्या गिऱ्हाईकाचा आवाज आपोआप बनतो. बनला. यंत्रानं तपासणीसाठी ऐकवलाही – ‘नमस्कार, मी वेन ह्वेइ-चुन.’ हुबेहूब.

काढून टाकायला हवा होता. साहेब मागे उभे होते.

३ एप्रिल, गुरुवार

तिच्याकडे जाऊन आले. टेबलावर दोन वाट्या. एक त्यांच्या खुर्चीपुढे. तिच्या वाटीतली पेज गार, वर साय धरलेली. मनगटं किती बारीक झालीत. जेव म्हटलं तर म्हणाली, बोलता बोलता राहून जातं.

दिवसभर बोलते. फोन ठेवतच नाही.

मी सुरुवात केली – ताई, ते बाबा नाहीत. ते मी – टेबलावरून आवाज आला, कोण आलंय गं? तिनं सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, ती पोहत येणारी पोरगी! बसव तिला, पेरू दे.

मी चपला हातात घेऊन पळाले. पायऱ्यांवर चपला घातल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

आज पितरांचा दिवस. सगळे थडगी झाडायला गेलेत. रस्ते रिकामे. ह्वेइ-चुन गेली नाही असं काओ काका म्हणाले. बाबा घरी असताना तिकडे कशाला जाऊ, म्हणाली.

काका म्हणाले, तिला कुणीतरी चार खडे बोल सुनवायला हवेत. माझ्याकडेच बघत होते.

५ एप्रिल, शनिवार

कचेरीत कुणी नाही. तिचं आणि त्या आवाजाचं बोलणं काढून वाचलं. वाचायला नको होतं. आधीच वाचायला हवं होतं.

ती म्हणते, दमले. तो म्हणतो, मग नीज, कामाची घाई काय आहे?
ती म्हणते, भूकच लागत नाही. तो म्हणतो, मलाही नाही लागत, चालायचंच.
काल – ती म्हणाली, बाबा, मी तुमच्याकडेच येते.
तो म्हणाला, ये की. मी कधी नको म्हटलंय?

ती ताइनानहून येते म्हणाली की आजोबा असंच म्हणायचे. त्याला काय ठाऊक ती कुठे जायचं म्हणतेय. त्याला कुणी सांगितलं? स्वभाव ओळखून उत्तर द्यावे, काळजी वाटू देऊ नये, एवढंच तर मी –

तिसरी ओळ चढवली. साहेबांना न विचारता. पण ‘दुसऱ्याची मंजुरी बाकी’ असं येतंय. दुसरा म्हणजे फंग होता.

साहेबांना फोन केला. थडग्यावर होते. सोमवारी बघू, म्हणाले.

सोमवारी.

६ एप्रिल, रविवार

तिच्या दाराबाहेर पायरीवर बसलेय. नुसती वाट बघवत नाही म्हणून लिहितेय.

सकाळपासून दार वाजवतेय. फंगला बोलावलंय, तो आला की सगळं सांगणार, पोलिसांनाही, माझ्या नावानिशी. कुलूपवाल्याला घेऊन येतोय. काओ काका रुग्णवाहिकेसाठी खाली रस्त्यावर उभे आहेत.

शेजाऱ्याला म्हटलं, कुलूप उघड. तो म्हणाला, घरातल्यांना विचारतो.

मग म्हणाला – विचारलं. त्या म्हणतात, गरज नाही.

तिला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. मी बोलतच सुटले. सगळं सांगितलं. रविवारी बोलले ते बाबा नव्हते, ते वाक्य माझं, वड्या खाल्ल्या ते, सुपाचं जेवण, मान डोलावली ते, खातं तुझ्या नावावर केलं ते – सगळं. रडत होते. मध्ये एकदाही तिनं अडवलं नाही.

सगळं ऐकून म्हणाली, तुझा काही दोष नाही.

किती बरं वाटलं. देवा, एक क्षणभर किती बरं –

मी म्हटलं, ताई, शिवी दे मला. बापाची शपथ घालते, एक शिवी दे. ती म्हणाली, छे, शिवी कशाला? तू तर चांगल्या मनानं केलंस. काळजी करू नकोस.

ताई, दार उघड.

काळजी करू नकोस.

खरी असती तर – कुणीही असतं तर – थुंकलं असतं माझ्यावर –

दाराला कान लावलाय. फोनवर ती बोलतेय. दारामागे एक फोन वाजून आपोआप थांबला होता, तेवढंच. पाऊल नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. ताई, खोक. एकदा नुसती खोक –

फंग दिसतोय खाली. पायऱ्या चढतोय, मागे कुलूपवाला. लवकर ये रे –

फोन ठेववत नाहीये. ठेवला तर – ती अजून बोलतेय, तिच्याच आवाजात, म्हणतेय मी जेवले, मी नीट आहे, तुझ्यावर माझा मुळीच राग ना